उंबरठ्याबाहेरची चार वर्षे

महाराष्ट्रात डॉक्टर होण्याचा निर्णय साधारणपणे दहावीच्या निकालाच्या आसपास घेतला जातो, बारावीनंतर ‘नीट’ या एकाच परीक्षेच्या ७२० गुणांवर तो तडीस जातो किंवा बारगळतो, आणि प्रवेश मिळालेला विद्यार्थी अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभा राहतो. अमेरिकेत त्याच वयाचा विद्यार्थी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारापासून किमान चार वर्षे दूर असतो, कारण वैद्यक आणि दंतवैद्यक हे दोन्ही तिथे पदवीनंतरचे अभ्यासक्रम आहेत. आधी कोणत्या तरी विषयातली चार वर्षांची पदवी, मग वैद्यकाची अथवा दंतवैद्यकाची चार वर्षे, आणि वैद्यकाच्या बाबतीत त्यापुढे तीन ते सात वर्षांची निवासी उमेदवारी, असा तो क्रम आहे. पहिल्या चार वर्षांत वैद्यकाकडे डोळे लावून बसलेल्यांना ‘प्री-मेड’ आणि दंतवैद्यकाकडे जाऊ पाहणाऱ्यांना ‘प्री-डेंटल’ म्हणतात. यंदाच्या अंकाने ‘पूर्वतयारी’ हा विषय पुढे ठेवला असताना या चार वर्षांकडे मुद्दाम पाहावेसे वाटते, कारण ही अशी तयारी आहे की जिला स्वतःचा वर्ग नाही, स्वतःची पदवी नाही आणि जिचा अभ्यासक्रम कोणी एका जागी लिहून ठेवलेला नाही.

नकाशा नसलेली वाट

अमेरिकी विद्यापीठात प्री-मेड नावाची शाखा बहुधा नसतेच. विद्यार्थ्याने स्वतःला लावून घेतलेले ते एक नाव आहे. इतिहास, संगीत, गणित, तत्त्वज्ञान यांपैकी कशातही पदवी घेणारा वैद्यकाकडे वळू शकतो, अट एवढीच की त्याबरोबर ठरावीक विज्ञानविषय त्याने पुरे केलेले असावेत. प्रयोगशाळेसह एकेक वर्ष जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र, शिवाय बहुतेक ठिकाणी जीवरसायनशास्त्र, इंग्रजी लेखन आणि संख्याशास्त्र एवढे विषय या यादीत येतात. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई वैद्यकीय महाविद्यालयाने तर १९८० च्या दशकातच मानव्यविद्यांच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळे दार उघडले, ज्यातून साहित्याचा किंवा इतिहासाचा विद्यार्थी नेहमीची प्रवेशपरीक्षा न देताही आत येऊ शके. तरीही बहुसंख्य प्री-मेड जीवशास्त्रच निवडतात, कारण यादीतले निम्मे विषय त्या पदवीतच उरकतात आणि दोन दरडींवर पाय ठेवून चालण्याची कसरत वाचते.

कागदावर ही यादी सोपी दिसते, परंतु कोणता विषय कोणत्या सत्रात घ्यावा, भौतिकशास्त्र तिसऱ्या वर्षावर ढकलले तर परीक्षेला कधी बसता येईल, एखादा विषय उन्हाळ्यात स्वस्त स्थानिक महाविद्यालयात केला तर चालेल का, अशा बारीक प्रश्नांची उत्तरे महाविद्यालयागणिक बदलतात. ती सांगण्यासाठी ‘प्री-हेल्थ सल्लागार’ नावाची व्यक्ती नेमलेली असते. लहान खासगी महाविद्यालयांत ही व्यक्ती विद्यार्थ्याला नावाने ओळखते, तर मोठ्या सरकारी विद्यापीठांत तिच्या वाट्याला शेकडो विद्यार्थी येतात. काही महाविद्यालयांत प्राध्यापकांची एक समिती प्रत्येक उमेदवाराची मुलाखत घेऊन सविस्तर शिफारसपत्र लिहिते. समितीच्या या पत्राला प्रवेशात वजन असते, आणि म्हणूनच काही ठिकाणी कच्च्या उमेदवारासाठी ते लिहिलेच जात नाही. तो अर्जाच्या वाटेला गेला नाही की महाविद्यालयाचे यशाचे प्रमाण आपोआप उजळ दिसते.

ज्या घरात आधीच कोणी डॉक्टर आहे तिथल्या मुलीला ही सगळी माहिती पहिल्या सत्राच्या आधी, जेवणाच्या टेबलावर, कोणीही मुद्दाम न शिकवता मिळते. घराण्यात पहिल्यांदाच महाविद्यालयात पाऊल ठेवणाऱ्या मुलीला ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, एखाद्या विषयात गुण घसरल्यानंतर कळते, आणि तोवर ते गुण तिच्या नोंदीत कायमचे बसलेले असतात. दोघींच्या बुद्धीत फरक नसतो. एकीला वाट कोणी तरी दाखवलेली असते, दुसरीला ती ठेचकाळत शोधावी लागते.

पदवी आधी का?

ही रचना नेहमीच अशी नव्हती. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कोलकात्याहून जहाजाने निघून अमेरिकेत पोचल्या आणि फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात दाखल झाल्या, तेव्हा त्यांच्याजवळ कोणतीही महाविद्यालयीन पदवी नव्हती आणि ती कोणी मागितलीही नाही. त्यांचा अर्ज म्हणजे आपल्या देशातील स्त्रियांना स्त्री डॉक्टरची किती निकड आहे हे सांगणारे एक पत्र होते. महाविद्यालयाच्या तेव्हाच्या अधिष्ठात्या रेचल बॉडली स्वतः रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. आनंदीबाईंना १८८६ मध्ये एम.डी. पदवी मिळाली, तेव्हा त्यांना एकविसावे वर्षही पुरे झालेले नव्हते. आजचा अमेरिकी विद्यार्थी त्या वयात वैद्यकाचा अर्ज भरण्याच्या तयारीत असतो.

त्या काळातील बहुतेक अमेरिकी वैद्यकीय शाळांची स्थिती मात्र फिलाडेल्फियासारखी नव्हती. चार-दोन डॉक्टरांनी एकत्र येऊन चालवलेल्या, विद्यार्थ्यांच्या फीवर जगणाऱ्या आणि प्रयोगशाळा किंवा रुग्णालय यांच्याशी फारसा संबंध नसलेल्या शाळा देशभर पसरलेल्या होत्या. १८९३ मध्ये बाल्टिमोरला उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय महाविद्यालयाने प्रवेशासाठी पदवीची अट घातली, तेव्हा ती अपवादात्मक मानली गेली. पुढे कार्नेगी प्रतिष्ठानाने अब्राहम फ्लेक्सनर यांना पाहणीसाठी नेमले. फ्लेक्सनर डॉक्टर नव्हते, पेशाने शिक्षक होते. त्यांनी अमेरिका आणि कॅनडातील १५५ वैद्यकीय शाळांना भेटी देऊन १९१० मध्ये जो अहवाल दिला, त्यात वैद्यकाआधी किमान दोन वर्षांचे महाविद्यालयीन विज्ञानशिक्षण हवे असा आग्रह होता, आणि प्री-मेड नावाच्या अवस्थेचा पाया तिथे घातला गेला. दंतवैद्यकाच्या बाबतीत तेच काम विल्यम गीज यांच्या १९२६ च्या अहवालाने केले.

फ्लेक्सनर यांच्या अहवालाने अमेरिकी वैद्यकाला विज्ञानाचा कणा दिला हे खरेच आहे, पण त्याची किंमत कोणी मोजली हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. निकृष्ट शाळांबरोबर गरीब शाळाही बंद पडल्या आणि कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या सात वैद्यकीय शाळांपैकी हॉवर्ड व मेहॅरी या दोनच उरल्या. प्रवेशाची अट जितकी लांब, तितका ती पुरी करण्याचा काळ महाग. रुग्णाच्या हितासाठी बांधलेल्या या दाराने माणसे त्यांच्या ऐपतीनुसारही गाळली, आणि ती गाळणी आजही थांबलेली नाही.

ऑर्गो

कोणत्याही प्री-मेड विद्यार्थ्याला सर्वांत धसका कशाचा असे विचारले तर उत्तर बहुधा एका शब्दात येते: ‘ऑर्गो’, म्हणजे ऑर्गॅनिक केमिस्ट्री, कार्बनच्या संयुगांचे रसायनशास्त्र. मोठ्या विद्यापीठात हा विषय तीनशे-चारशे जणांच्या सभागृहात शिकवला जातो आणि गुण पुष्कळदा ‘कर्व्ह’वर, म्हणजे वर्गाच्या सरासरीच्या तुलनेत दिले जातात, त्यामुळे शेजारी बसलेल्याचे यश हे आपले नुकसान आहे अशी भावना नकळत रुजते. अशा विषयाला विद्यार्थी ‘वीड-आउट’ म्हणतात. वीड म्हणजे तण, म्हणजेच ही निंदणी झाली. फरक एवढाच की शेतात कोणते रोप तण आहे हे निंदणाऱ्याला आधी ठाऊक असते.

हा विषय पाठांतराचा नाही, आणि शाळेत पाठांतरावर पहिला आलेला विद्यार्थी इथेच अडखळतो. इलेक्ट्रॉन कोठून कोठे जातात हे वक्र बाणांनी दाखवत एका रेणूचे दुसऱ्या रेणूत रूपांतर कागदावर मांडायचे असते; बाण कुठून निघाला आणि कुठे टेकला यावर गुण असतात. त्यासाठी प्लॅस्टिकचे रंगीत गोळे आणि काड्या यांचा संच घेऊन विद्यार्थी रेणूचे सांगाडे जुळवतात, ते हातात फिरवून बघतात आणि उजव्या-डाव्या हातासारखे एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असणारे दोन रेणू एकमेकांवर का बसत नाहीत हे बोटांनी समजून घेतात.

प्रयोगशाळेतल्या एका दुपारीच या विषयाचा खरा स्वभाव दिसतो. ॲस्पिरिन तयार करण्याचा प्रयोग बहुतेक ठिकाणी असतो: सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसेटिक ॲनहायड्राइड एकत्र करून आम्लाच्या काही थेंबांसह गरम करायचे, मग बर्फात थंड करायचे आणि चंबूच्या तळाशी पांढरे स्फटिक धरण्याची वाट पाहायची. स्फटिक आलेच नाहीत तर काचेच्या कांडीने चंबूची आतली बाजू हलकेच खरवडायची, म्हणजे त्या ओरखड्यांवर पहिले कण धरतात. गाळून, धुऊन, वाळवून घेतलेली चिमूटभर पूड केसासारख्या बारीक नळीत भरून ती कोणत्या तापमानाला वितळते हे भिंगातून पाहायचे. शुद्ध ॲस्पिरिन साधारण १३५ अंश सेल्सियसला वितळते आणि मिश्रण अशुद्ध असेल तर ते आधीच, रेंगाळत वितळू लागते. शेवटी फेरिक क्लोराइडचा एक थेंब टाकला आणि जांभळा रंग उमटला, तर मूळचे सॅलिसिलिक आम्ल शिल्लक राहिले असे कळते. चार तास उभे राहून केलेल्या कामाचा निकाल एका थेंबाच्या रंगाने लागणे, तो न लपवता वहीत लिहिणे आणि चूक कुठे झाली हे शोधणे ही डॉक्टरकीची शिकवण आहे, मग पुढे आयुष्यात बेंझिनची वर्तुळे कधी काढावी लागोत वा न लागोत.

या विषयाला एवढे महत्त्व असावे का, हा वाद जुना आहे. वैद्यक आणि ललित निबंध या दोन्ही क्षेत्रांत नाव असलेले लुईस टॉमस यांनी १९७८ मध्येच असे मांडले होते की स्वतःला प्री-मेड म्हणवून घेणाऱ्यांना प्रवेशात मागे ठेवावे आणि वैद्यकाच्या पूर्वतयारीचा कणा अभिजात ग्रीकचा असावा. २०२२ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात ऑर्गोच्या ३५० विद्यार्थ्यांपैकी ८२ जणांनी विषय अतिकठीण असल्याचे निवेदन दिले, त्यानंतर या विषयावरचे पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्या ज्येष्ठ प्राध्यापकांचा करार संपवण्यात आला आणि देशभर चर्चा पेटली. त्या चर्चेत कठोरपणा आणि कनवाळूपणा असे दोन तट पडले, पण शिकवण्याचा दर्जा आणि गाळण्याचा हेतू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा मुद्दा बाजूलाच राहिला. विषय कठीण असण्यात गैर काही नाही. तीनशे जणांपैकी अमुक इतके बाहेर पडावेत अशा हिशेबाने तो चालवणे मात्र शिक्षण नव्हे.

तासांची नोंद

गुणांइतकेच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, वजन असलेली गोष्ट म्हणजे रुग्णांच्या सहवासात घालवलेला वेळ. डॉक्टरच्या मागे सावलीसारखे उभे राहून केवळ पाहणे, याला ‘शॅडोइंग’ म्हणतात. यात विद्यार्थ्याने रुग्णाला हात लावायचा नसतो आणि खोलीत येण्यापूर्वी रुग्णाची परवानगी घ्यायची असते. दुसरा प्रकार स्वयंसेवेचा. त्यासाठी क्षयाची तपासणी आणि लशींचे दाखले लागतात, रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेसाठी १९९६ च्या ‘हिपा’ कायद्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि त्यानंतर जे काम मिळते ते अगदी साधे असते: चाकाची खुर्ची ढकलणे, हातमोज्यांचे खोके भरणे, रिकाम्या खाटेवरची चादर बदलणे, थंडीने कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्याला कपाटातले ऊबदार ब्लँकेट आणून देणे.

त्यापुढचे काही टप्पे पगारी कामाचे आहेत. ‘स्क्राइब’ हा आपत्कालीन विभागात डॉक्टरच्या शेजारी संगणक घेऊन बसतो आणि रुग्ण सांगतो ती हकिगत वैद्यकीय भाषेत नोंदवतो. छातीत दुखते म्हणणाऱ्याला डॉक्टर कधीपासून, कुठे, कसे, चालताना वाढते का, हाताकडे किंवा जबड्याकडे सरकते का, हे प्रश्न याच क्रमाने का विचारतात, ते शंभर रुग्णांनंतर त्याला कोणी न सांगता उमगते. काही जण रुग्णवाहिकेवरील तंत्रज्ञाचे, म्हणजे ‘ईएमटी’चे, सव्वाशे-दीडशे तासांचे प्रशिक्षण घेऊन रात्रपाळ्या करतात, काही जण मरणासन्नांच्या शुश्रूषागृहात, ज्याला हॉस्पिस म्हणतात, आठवड्यातून एक संध्याकाळ कोणाच्या तरी उशाशी बसतात, जिथे करण्यासारखे काही नसते आणि बसून राहणे हेच काम असते.

अडचण पुढे येते. अर्जात प्रत्येक उपक्रमापुढे तासांचा आकडा आणि पडताळणीसाठी एका व्यक्तीचे नाव लिहावे लागते, म्हणून विद्यार्थी पहिल्या वर्षापासून संगणकावर तक्ता ठेवतात आणि उशाशी बसलेली संध्याकाळही त्यात ‘तीन तास’ म्हणून उतरते. करुणेचे मोजमाप करता येत नाही हे सर्वांना ठाऊक असूनही मोजल्याशिवाय निवड कशी करावी हे कोणालाच सापडलेले नाही. शिवाय यांतले बरेच तास फुकटचे असतात. जो विद्यार्थी शिकता शिकता दुकानात किंवा उपाहारगृहात नोकरी करून भाडे भरतो त्याच्याकडे द्यायला फुकटचे तास नसतात. अलीकडे प्रवेशसमित्या अशा नोकरीलाही अनुभव म्हणून मान देतात ही समाधानाची गोष्ट आहे, पण हे त्या विद्यार्थ्याला वेळेवर सांगणारे कोणी असावे लागते.

तरीही, सगळ्या उणिवा मान्य करून, या व्यवस्थेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. रक्त, दुर्गंधी, नातेवाइकांचा आक्रोश आणि डॉक्टरचा थकवा हे सगळे पाहून ज्याला हे आपले काम नाही असे वाटते, तो विसाव्या वर्षी, कोणतीही नामुष्की न पत्करता दुसऱ्या वाटेने जाऊ शकतो.

साडेसात तासांची परीक्षा

वैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेला ‘एमकॅट’ म्हणतात. वैद्यकीय महाविद्यालयांतून अर्ध्यावर गळणाऱ्यांचे प्रमाण फार असल्यामुळे १९२० च्या दशकाच्या अखेरीस अशी चाचणी प्रथम सुरू झाली, आणि तिचे सध्याचे रूप २०१५ पासूनचे आहे. चार भाग, २३० प्रश्न आणि विश्रांतीसह सुमारे साडेसात तास असा तिचा पसारा असून प्रत्येक भागाला ११८ ते १३२ आणि एकूण ४७२ ते ५२८ या पट्टीवर गुण मिळतात. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५११-५१२ च्या आसपास असते. केंद्रावर खिसे उलटे करून दाखवावे लागतात, तळहाताचा ठसा यंत्रावर घेतला जातो, घड्याळही बाहेर ठेवावे लागते, आणि गणकयंत्राला परवानगी नसल्याने लॉगॅरिदमचा अंदाज मनातच बांधावा लागतो.

तीन भाग विज्ञानाचे, ज्यांत २०१५ पासून मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांचाही समावेश झाला, कारण रुग्णाचा आजार त्याच्या घरापासून आणि मिळकतीपासून वेगळा काढता येत नाही. चौथा भाग मात्र विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना सर्वांत जड जातो. ‘कार्स’ नावाच्या या भागात वास्तुकला, नीतिशास्त्र, संगीताचा इतिहास अशा विषयांवरचे नऊ उतारे आणि ५३ प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, आणि त्यासाठी आधीचे कोणतेही ज्ञान लागत नाही. लेखकाला काय म्हणायचे आहे आणि काय म्हणायचे नाही एवढेच नेमके ओळखायचे असते. हे कोणत्याही शिकवणीने दोन महिन्यांत येत नाही. लहानपणापासून ज्याने पुष्कळ आणि सावकाश वाचले आहे त्यालाच ते येते, आणि बोलणारा रुग्णही शेवटी एक उताराच असतो.

दातांची वाट

प्री-डेंटल विद्यार्थी ऑर्गोपर्यंत याच वाटेने येतात आणि मग त्यांची परीक्षा वेगळी होते. अमेरिकी दंतवैद्यक संघटनेच्या ‘डॅट’ या परीक्षेत जीवशास्त्र, रसायनशास्त्र, वाचन आणि गणित यांच्याबरोबर आकारबोधाचा एक स्वतंत्र भाग असतो, ज्यात ६० मिनिटांत ९० प्रश्न सोडवायचे असतात. चौकोनी कागदाच्या घड्या घालत नेऊन एका जागी भोक पाडले, तर कागद उलगडल्यावर भोके कुठे कुठे दिसतील. समोरून आणि वरून असा दिसणारा ठोकळा बाजूने कसा दिसेल. चार कोनांपैकी सर्वांत लहान कोणता, जेव्हा त्यांच्यातला फरक डोळ्याला जेमतेम जाणवतो. आरशात उलटे दिसणाऱ्या दाढेच्या मागच्या बाजूला मिलिमीटरच्या अंशांत काम करणाऱ्या माणसाला हीच दृष्टी लागते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तर उमेदवारांना खडूचा तुकडा आणि चाकू देऊन आकृतीबरहुकूम कोरायला सांगत असत. कॅनडात साबण कोरण्याची चाचणी त्यानंतरही अनेक वर्षे चालू होती.

खडू गेला तरी हाताची विचारपूस गेलेली नाही. दंत महाविद्यालयांच्या अर्जात विद्यार्थी सतारीपासून क्रोशाच्या विणकामापर्यंत आणि मातीच्या भांड्यांपासून घड्याळदुरुस्तीपर्यंत हाताच्या कामांची नोंद करतात, आणि मुलाखतीत त्याबद्दल आवर्जून विचारले जाते. डी.डी.एस. आणि डी.एम.डी. अशा दोन पदव्यांचा घोळ मराठी पालकांना नेहमी पडतो. त्या पूर्णपणे समान आहेत. १८४० मध्ये बाल्टिमोरला निघालेल्या पहिल्या दंत महाविद्यालयाने पहिली पदवी दिली आणि १८६७ मध्ये हार्वर्डने लॅटिन वळणाची दुसरी काढली, इतकाच तो फरक.

अर्जाचा उन्हाळा

प्रवेशाच्या आदल्या वर्षी मे महिन्यात ‘ॲमकॅस’ ही सामाईक अर्जव्यवस्था उघडते. आयुष्यातले पंधरा उपक्रम, प्रत्येकासाठी ७०० अक्षरे, आणि डॉक्टर का व्हायचे हे सांगणारे ५,३०० अक्षरांचे निवेदन, अशी तिची मापे आहेत. नापास होऊन पुन्हा दिलेल्या विषयाचे दोन्ही वेळचे गुण त्यात मोजले जातात. अर्ज पोचताच बहुतेक महाविद्यालये आपली स्वतंत्र प्रश्नावली पाठवतात. पंधरा-वीस ठिकाणी अर्ज करणे सर्रास असल्याने उन्हाळाभर निबंध लिहिणे हाच उद्योग होऊन बसतो, आणि फीची बेरीज हजारो डॉलरवर जाते. गरीब उमेदवारांसाठी सवलत असते, पण ती आधी मागावी लागते.

पुढची पायरी मुलाखतीची. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने या शतकाच्या सुरुवातीला घडवलेली लघुमुलाखतींची पद्धत आता अनेक ठिकाणी रूढ आहे. बंद दारावर एक प्रसंग लिहिलेला असतो, दोन मिनिटे तो वाचायचा, घंटा होताच आत जाऊन सहा-आठ मिनिटे बोलायचे, पुन्हा घंटा, पुढचे दार. सहकाऱ्याची चूक लक्षात आली, रुग्णाने उपचार नाकारला, वाईट बातमी सांगायची आहे, असे ते प्रसंग असतात. एका परीक्षकाच्या आवडीनिवडीवर उमेदवाराचे भवितव्य ठरू नये हा त्यामागचा हेतू, आणि तो बऱ्याच अंशी साधतो.

दरवर्षी सुमारे ५२ हजार उमेदवार एम.डी. महाविद्यालयांकडे अर्ज करतात आणि सुमारे २३ हजारांना प्रवेश मिळतो. यशस्वी झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी पदवीनंतर एक किंवा अधिक वर्षे मध्ये घेतलेली असतात, म्हणजे चार वर्षांची ही तयारी आता सहजच पाच-सहा वर्षांची झाली आहे.

मराठी घरे आणि एकविसावा वाढदिवस

अमेरिकेतील मराठी घरांत या वाटेबद्दल ओढ आहे आणि धास्तीही. इथून गेलेल्या पालकांना बारावीनंतरच जागा पक्की होण्याची सवय असल्याने शालेय शिक्षणानंतर लगेच पदवी आणि वैद्यक दोन्हींत प्रवेश देणाऱ्या ‘बीएस-एमडी’ अभ्यासक्रमांकडे त्यांचा कल असतो. ब्राऊन विद्यापीठाचा आठ वर्षांचा आणि मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेचा सहा वर्षांचा अभ्यासक्रम ही त्यांची परिचित उदाहरणे. शॅडोइंगसाठी ओळखीतले डॉक्टर काका किंवा मावशी सापडतात, हा या समाजाचा मोठा आधार आहे, आणि तो आपल्या मुलांपुरता न ठेवता शेजारच्या शाळेतल्या, ज्यांना असे काका नाहीत त्या मुलांनाही दिला पाहिजे.

एक प्रश्न मात्र ओळखीने सुटत नाही. आईवडिलांच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेली मुले एकविसाव्या वर्षी त्या छत्रातून बाहेर पडतात. भारतीयांसाठी ग्रीनकार्डची रांग दशकांची असल्याने, लहानपणापासून तिथेच वाढलेला विद्यार्थी अर्जाच्या ऐन वेळी परदेशी ठरतो. अनेक सरकारी वैद्यकीय महाविद्यालये नागरिक आणि ग्रीनकार्डधारक यांचेच अर्ज घेतात, तर जी खासगी महाविद्यालये परदेशी विद्यार्थी घेतात त्यांपैकी काही अनेक वर्षांची फी आधीच वेगळ्या खात्यात ठेवायला सांगतात. संघीय कर्जही त्याला मिळत नाही. हे गणित पहिल्या वर्षीच मांडावे, तिसऱ्या वर्षी नव्हे.

कर्जाची बाजू आता सर्वांसाठीच अवघड होत आहे. वैद्यकीय पदवीधरांपैकी कर्ज घेतलेल्यांवर दोन लाख डॉलरच्या आसपास बोजा असतो, दंतवैद्यांवर त्याहून बराच जास्त. न्यूयॉर्क विद्यापीठाने २०१८ मध्ये आणि आइनस्टाइन वैद्यकीय महाविद्यालयाने २०२४ मध्ये शिक्षणशुल्क माफ केले, ती बेटे आहेत. २०२५ च्या कायद्याने ‘ग्रॅड प्लस’ हे पूर्ण खर्च भागवणारे संघीय कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद ठरवले आणि अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी वर्षाला ५० हजार, एकूण दोन लाख डॉलर अशी मर्यादा घातली. अनेक खासगी महाविद्यालयांचा खर्च या मर्यादेच्या बराच वर आहे आणि उरलेली रक्कम खासगी बँकेकडून, बहुधा पालकांच्या जामिनावर, उभी करावी लागते. ज्याच्या पालकांची पत नाही त्याच्या अर्जावर तासांचा कितीही मोठा आकडा असला तरी हे दार त्याच्यासाठी अरुंद झाले आहे.

महाराष्ट्राने अमेरिकेची ही लांबलचक आणि खर्चिक व्यवस्था उचलावी असे मुळीच नाही. त्यातली एक गोष्ट मात्र बिनखर्चाची आहे आणि तिला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. ‘नीट’चा अर्ज भरण्यापूर्वी, शिकवणीच्या तासांतून एक आठवडा काढून, गावातल्या डॉक्टरांना किंवा दंतवैद्यांना विनंती करावी आणि मुलाला किंवा मुलीला, रुग्णांची परवानगी घेऊन, त्यांच्या दवाखान्यात रोज सकाळी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसू द्यावे. आणि ज्या डॉक्टरांकडे अशी विनंती येईल त्यांनी नाही म्हणू नये.